आत्याला दिसणारी मुलगी आणि चार डॉक्टरांची चार मतं

मधला_भाचा

थोडं लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आत्या ७६ वर्षांची आहे. ३२ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातही भूमिती म्हणजे जीव की प्राण. लग्न केलं नाही. गेली नऊ वर्षं ती आमच्याकडे राहते. खरं तर आम्हीच तिच्याकडे राहतो, घर तिचं आहे, आणि हे ती कुणाला विसरू देत नाही.

दीडेक वर्षापूर्वी पहिल्यांदा खटकलं ते तिचं अक्षर. फळ्यावरचं तिचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं. आता ओळीची सुरुवात नीट असते आणि शेवटाला अक्षर मुंगीएवढं होतं. मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. मागे वळायचं तर चार-पाच बारीक पावलं टाकत वळते. दोनदा पडली, हाड मोडलं नाही एवढंच. आम्ही चपला बदलल्या, चष्म्याचा नंबर बदलला आणि आपण काहीतरी केलं अशी समजूत करून घेतली.

चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मला म्हणाली, "अरे, त्या मुलीला बसायला सांग ना. कधीची उभी आहे." कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. बोलत नाही, नुसती उभी असते. आत्या अजिबात घाबरलेली नव्हती. माझीच बोबडी वळली होती.

तेव्हापासून ती मुलगी आठवड्यातून तीन-चारदा येते. आणि दिवसही तसेच, कधी असा कधी तसा. परवा सकाळी तिने माझ्या मुलीचं वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय तोंडी सोडवून दिलं, दुपारी ब्लाऊजची बाही सापडेना म्हणून वीस मिनिटं पलंगावर बसून होती. मोठा दादा म्हणतो, लक्ष वेधून घ्यायला करते. तो महिन्यातून एकदा येतो आणि नेमका चांगल्या दिवशी येतो.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, चालायचंच. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले, पार्किन्सन. मानसोपचारतज्ज्ञांना नैराश्याची शंका आली, कारण मागच्या वर्षी तिची जिवाभावाची मैत्रीण गेली. दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी 'लुई बॉडी' या मेंदूच्या आजाराचं नाव काढलं, लगेच "पण आत्ताच शिक्का मारत नाही" म्हणाल्या आणि तीन महिन्यांनी बोलावलं. एमआरआयमध्ये 'वयानुरूप बदल'. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २६. शंभरातून सात-सात वजा करत गेली ते माझ्याहून झरझर. पण शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे होते, ते जमले नाहीत. तिने कागद उलटा करून ठेवला. घरी येईपर्यंत बोलली नाही.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. ती मुलगी तिथे नाही हे आत्याला सांगायचं का? या तीन महिन्यांत नुसतं बसून राहायचं का? आणि तिला काय सांगू? "काय म्हणाले रे?" असं विचारते, मी "काही नाही, अशक्तपणा आहे" म्हणतो. कॉपी केलेली वही दाखवणाऱ्या पोराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघते.

उंबरठा

माझ्या आजोबांनाही शेवटी शेवटी माणसं दिसायची. म्हातारपणात होतं असं. फार डॉक्टर करू नका, प्रत्येक जण नवीन काहीतरी काढतो. माणूस सुखात असला म्हणजे झालं.

रात्रपाळी

उंबरठा, राग मानू नका, पण "म्हातारपणात होतं" या दोन शब्दांनी झालेलं नुकसान मी वॉर्डात २८ वर्षं बघितलंय. म्हातारपणात केस पिकतात. कोपऱ्यात मुलगी उभी राहत नाही.

मधला_भाचा, मी निवृत्त नर्स आहे, डॉक्टर नाही, तेव्हा निदान वगैरे सांगणार नाही. काही विचारते फक्त.

आत्या कोणकोणती औषधं घेतात? सगळी सांगा. डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली, 'कधीतरी घेते' वाली, डोळ्यांत घालायची. घरातले लोक यादीत बीपीची आणि साखरेची गोळी लिहितात आणि सर्दीची, झोपेची, चक्करेची विसरतात. घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. सर्दी-खाजेवरची क्लोरफेनिरामाइन, लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, या वयात यांनी माणूस चक्क गोंधळतो.

रक्तात बी१२, थायरॉइड, सोडियम बघितलंय का? मोतीबिंदू आहे का? चार्ल्स बोनेट नावाच्या माणसाने १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. मोतीबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली, डोकं एकदम ठणठणीत, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या दिसायच्या. नजर मंदावली की मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो. तुमच्या आत्याचं तेच आहे असं म्हणत नाही, पण डोळे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बीपी बसवून मोजतात सगळे. तुम्ही पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून ठेवा आणि दाखवा. उभं करताना शेजारी दुसरं माणूस हवं, एकट्याने करू नका.

शेवटचं, थोडं विचित्र वाटेल. झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का? कधीपासून?

आणि हो, गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, ताप आला, लघवी अडली, नुसत्या झोपून राहायला लागल्या, तर तीन महिन्यांची तारीख विसरा, त्याच दिवशी दाखवा. लघवीच्या साध्या जंतुसंसर्गाने या वयातली माणसं सैरभैर होतात. आणि त्या दोनदा पडल्यात. पडताना डोक्याला मार लागला असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साकळून लक्षणं आठवड्यांनी दिसू शकतात. एमआरआय पडण्याच्या आधीचा की नंतरचा?

मधला_भाचा

एमआरआय दुसऱ्यांदा पडल्यानंतरचा आहे. बी१२ काठावर होतं, इंजेक्शनं झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय.

झोपेचं वाचून अंगावर काटा आला. सहा-सात वर्षं तरी झाली. झोपेत ओरडते, "बस खाली!", "कोणी फेकला?" सकाळी विचारलं तर सांगते, मागच्या बाकावरून कुणीतरी खडू मारत होतं. एकदा हात असा फिरवला की उशाचा दिवा खाली. आमच्या घरात तो चेष्टेचा विषय होता. आत्या रात्रशाळा चालवते म्हणायचो. एकाही डॉक्टरांना हे सांगितलं नाही, कारण हे लक्षण आहे असं वाटलंच नाही.

औषधांचं म्हणाल तर काल तिचा ड्रॉवर पलंगावर उपडा केला. बीपीची, थायरॉइडची, कॅल्शियम. आणि सिनारिझिनच्या अर्ध्या संपलेल्या चार पट्ट्या. दोन वर्षांपूर्वी चक्कर आली होती तेव्हा आठ दिवसांसाठी दिलेली गोळी. तिला बरं वाटलं म्हणून ती घेतच राहिली. जुन्या चिठ्ठीवर मीच आणून देत होतो.

रात्रपाळी

स्वतःला बोल लावू नका, असे ड्रॉवर घरोघरी असतात. पण हे उद्याच डॉक्टर बाईंना फोन करून सांगा. तारखेची वाट बघू नका. सिनारिझिन महिनोन् महिने घेतली तर म्हाताऱ्या माणसांत हुबेहूब पार्किन्सनसारखं होऊ शकतं, अंग आखडणं, बारीक पावलं, सगळं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडचंही तसंच. बंद कधी नि कशी करायची ते त्यांनाच ठरवू द्या. आणि बंद केल्यावर चार दिवसांत चमत्कार होईल अशी आशा धरू नका, उतरायला महिने लागतात.

मात्र झोपेतलं ओरडणं त्या गोळीच्या कितीतरी आधीचं आहे, म्हणजे सगळा दोष गोळीचा नसेल. तेही त्यांना सांगा, अगदी याच क्रमाने.

जुनी_वही

मी बाबांना सहा वर्षं सांभाळलं. त्यांना शेवटी लुई बॉडी म्हणाले, पण तिथवर पोचायला अडीच वर्षं गेली. म्हणून त्या मधल्या काळाबद्दलच लिहिते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. बाबांना मांजरं दिसायची, पलंगाखाली. पहिले काही महिने मी वाकून, टॉर्च मारून "बघा, काही नाही" असं सिद्ध करायचे. त्यातून एवढंच झालं की बाबा मला सांगेनासे झाले. मांजरं होतीच, फक्त ती आता त्यांची एकट्याची होती. मग मी उलट टोकाला गेले, मांजरांशी बोलायला लागले. तेही चुकलं. एका चांगल्या दिवशी बाबा म्हणाले, "तुलाही दिसतात? मग माझं डोकं ठीक आहे." त्या दिवशी मला फार शरम वाटली.

नंतर मी एकच वाक्य धरलं, "मला दिसत नाहीत बाबा, पण तुम्हाला दिसतात हे मला माहीत आहे. त्रास देतायत का?" नाही म्हणाले तर सोडून द्यायचं. हो म्हणाले तर दिवा लावायचा, जागा बदलायची. अंधूक उजेड, पडद्याची सावली, खुर्चीवर टाकलेला शर्ट यांतून पुष्कळ माणसं तयार होतात. तुमच्या कपाटाच्या कोपऱ्यात संध्याकाळी उजेड कसा असतो ते बघा. आणि बाबांना विचारल्यावर बरेचदा ते स्वतःच म्हणायचे, खरी नाहीत बहुतेक. तुमच्या आत्याला विचारलंय का कधी, तिला काय वाटतं?

दुसरं. एक वही घाला. रोजनिशी नको, ती आठ दिवसांत बंद पडते. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ. चढउतार हेच या आजाराचं मोठं लक्षण आहे, आणि दवाखान्यातल्या वीस मिनिटांत चढउतार दिसत नाही. डॉक्टरांसमोर बाबा असे तरतरीत बसायचे की मीच खोटारडी ठरायचे. शेवटी त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर चाल आणि झोप दोन्हींचं चित्रण केलं. ते चाळीस सेकंद बघून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले. दादालाही तेच दाखवा, भांडण करू नका. नाहीतर चार दिवस आत्याला त्याच्यावर सोपवा. माझ्या भावाला दोन रात्री पुरल्या.

नावांच्या गोंधळाबद्दल. फ्रिट्झ लुई या जर्मन डॉक्टरने १९१२ साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत ते गोळे पाहिले, म्हणून लुई बॉडी. तेच गोळे मेंदूच्या वरच्या थरात पसरून विचार आणि नजर बिघडवतात, हे जपानच्या केंजी कोसाकांनी १९७६ पासून मांडलं. म्हणजे पार्किन्सन आणि हा आजार सख्खे शेजारी. विचारातली गडबड हालचालींच्या आधी किंवा वर्षभराच्या आत आली तर नाव लुई बॉडी, पार्किन्सन होऊन वर्षापेक्षा जास्त काळ लोटल्यावर आली तर पार्किन्सनमधला स्मृतिभ्रंश. तुमच्या दोन मेंदूविकारतज्ज्ञांचं भांडण वाटतं तेवढं मोठं नसेल. यात आठवण बरेच दिवस शाबूत राहते आणि आकार, अंतर, जागा यांची जाण आधी जाते. वजाबाक्या बरोबर आणि पंचकोन चूक हे वाचून मी थांबलेच. गणिताच्या बाईंच्या बाबतीत तर ३० पैकी २६ मध्ये ते चार गुण कुठले गेले हे जास्त बोलतं.

नाव नक्की नसलं तरी एक गोष्ट आजच करा. जाड अक्षरात कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा, "लुई बॉडीची शंका आहे. हॅलोपेरिडॉल देण्याआधी आमच्या डॉक्टरांशी बोला." भास आणि आरडाओरडा थांबवायला अशी औषधं पटकन दिली जातात आणि या आजारात त्यांची भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. बाबांना एका रात्री दुसऱ्या कारणासाठी दाखल केलं होतं तेव्हा दिलं गेलं. सकाळी ते लाकडासारखे ताठ होते. पूर्ववत झालेच नाहीत. त्या रात्री फाइल माझ्या हातात होती, कागद नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तिला कळतंय की तुम्ही खोटं बोलताय.

मधला_भाचा

तीन महिने झाले, म्हणून पुन्हा लिहितो.

डॉक्टर बाईंनी सिनारिझिन फोनवरच बंद करायला सांगितली. पहिला महिना काहीच फरक नाही. मग एक दिवस बायको म्हणाली, बघ, हात हलतोय. पूर्ण नाही, कोपरापासून थोडासा. वळताना आता तीन पावलं लागतात. अक्षर होतं तसंच आहे. मुलगी येते. उभं राहिल्यावर बीपी १४२ वरून ११६ वर आलं, म्हणून बीपीची गोळी बदलली. त्यानंतर पडलेली नाही.

दादा चार दिवस राहून गेला. काही बोलला नाही, जाताना जिन्याला कठडा लावून घेतला.

आत्याला सांगितलं. खूप उजळणी केली होती, प्रत्यक्षात जे मनात होतं तेच तोंडातून निघालं, "आत्या, डॉक्टरांना नक्की कळलेलं नाही, पण मेंदूचा एक आजार असेल असं वाटतंय, आणि मी अशक्तपणा म्हणत होतो ते खोटं होतं." ती म्हणाली, "ते माहीत होतं. आजाराचं सांग." मग तासभर प्रश्न. मुलीबद्दलही विचारलं. म्हणाली, "खरी नाहीच ती. आमच्या शाळेत निळ्या रिबिनी कधीच नव्हत्या. पण नाही म्हटलं म्हणून जाते थोडीच."

वही आता तीच लिहिते. माझ्या नोंदी तिला आवडल्या नाहीत, "वेळ लिहिलीस, उजेड कुठे लिहिलास?" म्हणून नवे रकाने आखून घेतले. आखले मी, पट्टी तिने धरली. पाच आठवड्यांच्या नोंदींतून तिने काढलं की मुलगी साडेसहा ते साडेसातच्या मध्ये, मोठा दिवा लागायच्या आधी येते. आता दिवा सहालाच लागतो. येणं कमी झालंय, बंद नाही.

परवा तारखेला वही आणि झोपेचं चित्रण दोन्ही दाखवलं. बाईंनी एक स्कॅन सांगितलाय, त्यात डोपामिन या हालचालींना लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं वहन कळतं. गोळीमुळे झालेलं असेल तर तो सहसा नॉर्मल येतो, आजार असेल तर सहसा बिघडलेला. पण पार्किन्सन आणि लुई बॉडी यांतला फरक त्यात कळत नाही, आणि नॉर्मल आला म्हणून लुई बॉडी नाहीच असंही होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. सध्या कागदावर 'संभाव्य' लिहिलंय. आत्याने विचारलं, नक्की कधी लिहिणार? बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, शंभर टक्के खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासला तरच. आत्या म्हणाली, "म्हणजे पेपर तपासला जाईल तेव्हा विद्यार्थी हजर नसणार." आणि हसली. मला नाही हसता आलं. बाईही हसल्या नाहीत, मग आत्यानेच त्यांना "असू दे" म्हटलं.

फाइलच्या पहिल्या पानावर तो कागद लावलाय. जुनी_वही, तुमच्या बाबांचं वाचून लावला.

आता एक प्रश्न आहे. ईसीजी बघून रिवास्टिग्मिन या औषधाचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) सुरू केलाय, सगळ्यात कमी मात्रेचा. चौथ्या दिवसापासून दंडावर लाल चट्टा आलाय, खाज सुटते. कोणाचा अनुभव?

जुनी_वही

रोज जागा बदला. एकाच ठिकाणी चौदा दिवस तरी परत लावायचा नाही. बाबांना आम्ही पाठीवर वरच्या बाजूला लावायचो, तिथे हात पोचत नाही त्यामुळे ओढून काढत नाहीत. नवा लावण्याआधी जुना निघालाय ना ते रोज बघा, दोन राहिले तर मात्रा दुप्पट होते. चट्टा पॅचच्या चौकोनाबाहेर पसरला, फोड आले किंवा दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

वहीत त्यासाठी एक रकाना घाला, कोणत्या दिवशी कुठे. आत्याला सांगा, पाठीचा आराखडा काढायचाय.

मधला_भाचा

सांगितलं. आलेखाचा कागद मागवलाय.